नीरा किती बोलते?

शिक्षकांसाठी भरलेल्या एका सुटीतल्या वर्गात आम्ही तक्ते आणि आलेख शिकवत होतो. उदाहरणे नेहमीचीच घेतली होती : गावचा पाऊस, दिवसाचे तापमान, वर्गातल्या मुलांच्या उंच्या. मराठी शिकवणाऱ्या एका बाई बराच वेळ गप्प बसून होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "तुमचे हे मोजणे आमच्या विषयात कुठे उपयोगी पडते? 'कुंकू' चित्रपटातली नीरा स्वतंत्र होती की नाही, हे मोजून सांगता येईल का?"

"नाही येणार," असे आम्ही लगेच सांगून टाकले. वर्ग हसला आणि पुढचा आलेख सुरू झाला. पण उत्तर घाईचे होते. शास्त्रज्ञाने "मोजता येणार नाही" असे म्हणण्यापूर्वी निदान काय मोजायचे ते तरी विचारायला हवे होते. त्या बाईंना द्यायचे राहून गेलेले उत्तर इथे देण्याचा प्रयत्न करत आहोत.

'कुंकू' 1937 सालचा, प्रभात फिल्म कंपनीचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतलेला आहे. तरुण नीराचे लग्न फसवून काकासाहेब या वयस्क वकिलाशी लावले जाते. ती त्या घरात राहते, पण त्या माणसाला नवरा मानायला ठाम नकार देते. शांता आपटे यांनी नीरा आणि केशवराव दाते यांनी काकासाहेब उभे केले. हाच चित्रपट 'दुनिया न माने' या नावाने हिंदीतही निघाला. काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले आहे. रँग्लर परांजप्यांच्या या कन्येने केंब्रिजला गणिताचा अभ्यास केला होता आणि पुढे संततिनियमनाच्या प्रसारात आयुष्य घातले. गणित शिकलेली बाई त्या काळी पडद्यावर येते, ही गोष्ट आमच्यासारख्यांना उगीचच सुखावते.

आता मोजण्याकडे वळू. याच 1937 सालच्या डिसेंबरात अमेरिकेत वॉल्ट डिस्नेचा 'स्नोव्हाइट' प्रथम दाखवला गेला. कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या दोन भाषाशास्त्रज्ञ स्त्रियांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांतले संवाद तपासले आणि कोण किती शब्द बोलते ते मोजले. 2016 साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा बरीच चर्चा झाली. 'स्नोव्हाइट'मध्ये स्त्रिया आणि पुरुष यांचे शब्द जवळजवळ निम्मे निम्मे भरले. 1950 च्या 'सिंड्रेला'त स्त्रियांचा वाटा सुमारे 60 टक्के. 1959 च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त तर 71 टक्के. मग तीस वर्षांच्या खंडानंतर नव्या, धीट म्हणवल्या जाणाऱ्या नायिका आल्या. 1989 च्या 'लिटल मर्मेड'मध्ये 68 टक्के शब्द पुरुषांचे निघाले, 1992 च्या 'अल्लादिन'मध्ये 90 टक्के. 1998 साली आलेल्या 'मुलान'मध्ये तर पुरुषाचा वेष घेऊन लढाईवर जाणारी, देश वाचवणारी मुलगी नायिका आहे. तिथे 77 टक्के शब्द पुरुषांच्या तोंडी आहेत. त्याच 2016 साली सुमारे 2000 पटकथा तपासणाऱ्या दुसऱ्या एका गटाला आढळले की मुलानचा विनोदी रक्षक, एक छोटासा ड्रॅगन, खुद्द मुलानच्या दीडपट बोलतो.

मग स्नोव्हाइट मुलानपेक्षा अधिक स्वतंत्र म्हणायची काय? भांडी घासत राजपुत्राची वाट पाहणारी? असे कोणीच म्हणणार नाही. मग आकडा फुकट गेला का? तसेही नाही. आपण मुलानकडे पाहतो तेव्हा फक्त मुलानकडे पाहतो. तिच्याभोवतीचे सैनिक, सल्लागार, विदूषक, दुकानदार सगळे पुरुष आहेत, हे डोळ्यांना दिसत असूनही मनात नोंदले जात नाही. लेखकाने ठरवून बायका वगळल्या असतील असे नाही. 'एक दुकानदार' असे लिहिताना हाताला सवयीने पुरुषच लागतो. नायिका धीट झाली, पण तिचे जग बायकांनी रिकामे झाले, हे आकड्याने दाखवले. तो नायिकेच्या स्वातंत्र्याचा आकडा नाही. तिच्या शेजाराचा आहे.

साहित्य, इतिहास, नाटक, चित्रपट यांच्याकडे असे मोजमापाच्या आणि संगणकाच्या साह्याने पाहण्याच्या उद्योगाला आज 'डिजिटल मानव्यविद्या' म्हणतात. हे नाव 2004 च्या सुमारास रुळले. त्याआधी नुसतेच 'मानव्यविद्यांतील संगणन' म्हणत. उद्योग मात्र संगणकापेक्षाही जुना आहे.

टी. सी. मेंडेनहॉल नावाचा एक अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होता. पदार्थाच्या वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखता येते, तर शब्दांच्या लांबीच्या 'वर्णपटा'वरून लेखक ओळखता येईल का, असा प्रश्न त्याने 1887 साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. किती शब्द एका अक्षराचे, किती दोन अक्षरांचे, असे मोजून तो आलेख काढी. 1901 साली त्याने शेक्सपियर, बेकन, मार्लो यांच्या लेखनाचे आलेख प्रसिद्ध केले. त्यासाठी सुमारे वीस लाख शब्द मोजावे लागले आणि ते दोन स्त्रियांनी मोजले. एकीने पुस्तक वाचत शब्दाची लांबी सांगायची आणि दुसरीने मोजणीयंत्राची कळ दाबायची. मिसेस रिचर्ड मिचेल आणि मिस एमी व्हिटमन ही त्यांची नावे मेंडेनहॉलने कृतज्ञतेने नोंदवली. त्यांतल्या एकीचे स्वतःचे नाव मात्र नवऱ्याच्या नावाखाली झाकलेलेच राहिले.

पुढचा टप्पा इटलीतला. रोबेर्तो बूसा या जेझुइट पाद्र्याला संत टॉमस अक्विनासच्या संपूर्ण लॅटिन लेखनाची शब्दसूची करायची होती. शब्द एक कोटीच्या वर. 1949 साली तो आयबीएम कंपनीच्या प्रमुखांना भेटला आणि छिद्रित कार्डांची यंत्रे मिळवली. काम तीस वर्षे चालले, सूचीचे 56 खंड झाले. डिजिटल मानव्यविद्येचा जनक म्हणून बूसाचे नाव पाठ्यपुस्तकांत येते. पण कार्डांना छिद्रे पाडली कोणी? मिलानजवळच्या गाल्लाराते गावी बूसाने त्यासाठी एक शाळाच काढली होती आणि तिथे काम केले ते तरुण मुलींनी. त्यांना लॅटिन येत नव्हते, आणि ते बरेच, असे बूसाचे मत होते, कारण अर्थ कळणारा माणूस मजकूर वाचत सुटतो आणि चुकतो! यंत्रांपुढे बसलेल्या या मुलींची छायाचित्रे जपली गेली, पण नावे कोणी लिहिली नव्हती. लंडनमधल्या मेलिसा टेरास आणि जुलिअन नायन यांनी अलीकडे, अर्धे शतक उलटल्यावर, ती शोधायला सुरुवात केली आणि त्यांतल्या काही वृद्ध स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदवल्या.

आपल्याकडेही, संगणक नसताना, याच जातीचे एक प्रचंड काम पुण्यात झाले. भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. एकेक श्लोक घ्यायचा, हस्तलिखितांतला त्याचा पाठ शेजारी शेजारी मांडायचा, फरक नोंदायचे, फरकांवरून हस्तलिखितांची कुळे ठरवायची. या कामाचे प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर मूळचे केंब्रिजचे गणिताचे विद्यार्थी. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढणारे दामोदर धर्मानंद कोसंबी तर गणिताचे प्राध्यापकच होते. तेव्हा गणितवाल्यांनी वाङ्मयात डोकावू नये असे म्हणणाऱ्यांना आमच्याकडे उत्तर आहे.

चित्रपटाकडे ही पद्धत आणली तीही एका भौतिकशास्त्राच्या डॉक्टरने. बॅरी सॉल्ट यांनी 1974 साली चित्रपटांतल्या तुकड्यांची सरासरी लांबी मोजून दिग्दर्शकांच्या शैली ताडून पाहिल्या. म्हणजे एक दृश्य तुटून दुसरे लागेपर्यंत किती सेकंद जातात, एवढेच. घड्याळ आणि वही असली की पुरते.

घड्याळ आणि वही घेऊन आम्हीही बसलो. सोबत एक सहकारी. 'कुंकू' लावला. ठरले असे की नीरा बोलेल ते शब्द दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचे आणि शेवटी वह्या जुळवायच्या. पहिल्या अर्ध्या तासातच चित्रपट थांबवून वाद घालावा लागला. नीरा गाते ते शब्द धरायचे का? धरले, तर एका ठिकाणी ती लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता म्हणते, ते शब्द तिचे की कवीचे? सहकाऱ्याचे म्हणणे, कवीचे. आमचे म्हणणे, त्या घरात, त्या वेळी, ती कविता निवडली नीराने, म्हणून तिचे.

खरी अडचण पुढेच होती. नीराचा सर्वांत मोठा नकार पुष्कळदा तिच्या न बोलण्यात आहे. या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीत टाळून घरातले खरे आवाज वापरले, त्यामुळे ती गप्प बसते तेव्हा ते गप्प बसणे ऐकू येते. घरातल्या मोठ्या घड्याळाचे ठोके ऐकू येतात. त्या जागी वहीत आकडा शून्य. काकासाहेब मात्र बोलतात, समजावतात, चिडतात, म्हणजे त्यांचे शब्द वाढत जातात. नुसती बेरीज पाहणारा म्हणेल, घर काकासाहेबांचे. चित्रपट पाहणाऱ्याला दिसते की एकेका शब्दागणिक घर त्यांच्या हातून निसटते आहे.

शब्दांऐवजी दुसरी मोजपट्टी लावावी का? एक सोपी पट्टी प्रसिद्ध आहे. ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीने 1985 साली आपल्या चित्रमालिकेत, एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून, ती थट्टेने मांडली. चित्रपटात निदान दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि तेही पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाविषयी तरी. अट किती हलकी! तरीही असंख्य चित्रपट तिथे अडकतात. जब्बार पटेल यांचा 1982 चा 'उंबरठा' ही परीक्षा सहज पार करतो. सुलभा महाजन घर आणि मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक होते, आणि आश्रमात बायकांचे बायकांशी बोलणे चालूच असते. पण 'कुंकू'चे काय? नीरा आणि काकासाहेबांची मुलगी बोलतात, ते बोलणे एकीच्या नवऱ्याविषयी, म्हणजे दुसरीच्या वडिलांविषयी. ते पुरुषाविषयीचे बोलणे मानायचे, की एका अन्यायाविषयीचे? यंत्र पहिले म्हणेल. आमच्या वह्यांत दोन्ही उत्तरे आहेत.

वहीऐवजी संगणक घेतला तरी हे प्रश्न सुटत नाहीत, उलट नवे उभे राहतात. ते मराठीच्या शिक्षकांना आमच्यापेक्षा लवकर कळतील. संगणकाला 'स्वातंत्र्य' हा शब्द किती लांबीचा वाटतो? आपण म्हणू तीन अक्षरे : स्वा, तं, त्र्य. संगणक देवनागरीतला प्रत्येक व्यंजन, काना, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण वेगळी साठवतो. त्याच्या हिशेबी या शब्दात 11 चिन्हे आहेत. मेंडेनहॉलचा आलेख मराठीत काढायचा तर आधी अक्षर म्हणजे काय हे ठरवायला हवे.

यापुढची गोष्ट व्याकरणाची आहे, आणि आम्हाला तीच सर्वांत मोलाची वाटते. 2017 साली भारतातल्या काही संशोधकांनी 1970 नंतरच्या सुमारे 4000 हिंदी चित्रपटांची विकिपीडियावरची इंग्रजी कथासूत्रे संगणकाने तपासली. पुरुष पात्रांचा उल्लेख स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट वेळा आढळला. क्रियापदेही निरनिराळी : पुरुष मारतात, गोळी झाडतात; स्त्रिया प्रेम करतात, लग्न करतात. कथासूत्र लिहिणाऱ्याचा कल त्यात मिसळलेला असणार हे उघड आहे, तरी पद्धत चांगली आहे. बाई किती बोलते यापेक्षा ती काय करते, हे विचारणे स्वातंत्र्याच्या अधिक जवळचे.

हे मराठीत करू गेलो तर वरवर पाहता काम सोपे वाटते. आपल्या क्रियापदालाच लिंग असते. संवादांच्या फाइलीत बोलणाऱ्याचे नाव नसले तरी 'मी जाते' म्हटले की बाई, 'मी जातो' म्हटले की पुरुष. इंग्रजीला ही सोय नाही. तेव्हा संगणकाला सांगावे की स्त्रीलिंगी क्रियापदे मोज, झाले!

आता ही वाक्ये पाहा. 'ती रडली.' 'ती बसली.' 'ती घाबरली.' तिन्ही स्त्रीलिंगी, तिन्ही मोजली जातील. पुढे : 'तिने दार उघडले.' क्रियापद नपुंसकलिंगी, कारण ते दाराप्रमाणे चालते. 'तिने राजीनामा दिला.' पुल्लिंगी. 'तिने घर सोडले.' नपुंसकलिंगी. याउलट 'त्याने बायको सोडली' हे वाक्य घ्या. करणारा पुरुष आहे आणि क्रियापद मात्र स्त्रीलिंगी! म्हणजे संगणक बाई रडली, बसली, घाबरली हे निष्ठेने नोंदवील. तिला कोणी सोडले, मारली, विकली हेही तिच्याच खात्यावर मांडील. तिने स्वतः दार उघडले, राजीनामा दिला, घर सोडले, ते त्याच्या हिशेबात येणारच नाही. 'उंबरठा'ची सगळी कथा या हिशेबातून गळून जाईल. प्रथमपुरुषात तर 'मी घर सोडले' हे वाक्य बाई म्हणो की पुरुष म्हणो, हुबेहूब सारखेच. चूक मराठीची नाही. कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आठवीच्या मुलांना येतो, तो यंत्राला शिकवायला कोणी विसरले एवढेच. पण अशा यंत्राने दहा हजार संवाद तपासून 'मराठी चित्रपटांतली स्त्री बहुधा रडते' असा निष्कर्ष काढला, तर तो टक्केवारीसकट छापून येईल आणि आपण तो खरा मानू. (शिकणे, विसरणे, म्हणणे यांसारखी काही सकर्मक क्रियापदे वेगळी वागतात : 'ती धडा शिकली.' वर्गात हा अपवाद मुलांनाच शोधू द्यावा.)

मोजणीबाहेर राहणारे आणखी एक आहे. ज्या शांता आपट्यांनी नीरा उभी केली, त्या 1939 साली प्रभात कंपनीशी करार आणि पगार यांवरून झालेल्या वादात स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या. 1940 साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यातल्या कामगार म्हणून नटीची स्थिती मांडली. पडद्यावरच्या संवादांची कितीही काटेकोर मोजणी केली तरी हे तिच्यात येणार नाही. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रे, करारपत्रे, श्रेयनामावल्या यांच्याकडे जावे लागते. आणि जे उरलेच नाही त्याचे काय मोजणार? भारतात पहिल्यांदा दिग्दर्शन करणारी स्त्री म्हणून फातमा बेगम यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या 1926 सालच्या 'बुलबुल-ए-परिस्तान'ची एकही प्रत आज ज्ञात नाही. आपले बहुतेक मूकपट असेच गेले. पुण्यात 2003 साली लागलेल्या आगीत जपून ठेवलेल्या जुन्या ज्वालाग्राही फिल्मही जळाल्या. उरलेल्या मूठभर चित्रपटांवरून काढलेली सरासरी ही उरलेल्यांची सरासरी असते.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर संगणक लागत नाही. घरोघरी चालणाऱ्या एखाद्या मालिकेचा एक भाग घ्यावा. मुलांच्या जोड्या कराव्यात आणि जोडीतल्या दोघांनी एकमेकांच्या वहीत न पाहता नोंदी कराव्यात. रकाने थोडेच असावेत : कोण बोलले, कोणाशी, कशाविषयी, आणि त्या दृश्यात निर्णय कोणी घेतला. चौथ्या रकान्यावर भांडणे होतील. ती मिटवण्याची घाई करू नये. दोन वह्या शंभरातल्या किती नोंदींत जुळतात हा आकडा आधी काढावा. 'कोण बोलले' यात त्या जवळजवळ पूर्ण जुळतील. 'निर्णय कोणी घेतला' यात किती जुळतात हे पाहावे, आणि जिथे जुळत नाहीत त्या नोंदी वेगळ्या काढून मराठीच्या तासाला न्याव्यात.

आमच्या दोन वह्यांत अशा नोंदी बऱ्याच निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक नीरा गप्प असतानाच्या होत्या. सहकाऱ्याने तिथे सगळीकडे शून्य लिहिले होते. आम्ही सेकंद लिहिले होते.